गांजेकसाचं कार्टून

आमच्या घरात माझ्या कामाला 'कार्टून' एवढा एकच शब्द आहे. आप्पा शिरूरच्या एसटी डेपोत मेकॅनिक होते, आता रिटायर झालेत. कुणी विचारलं, मुलगी काय करती, की ते सांगतात, "कार्टून काढती, कंप्युटरवर. पुण्याच्या लोकांचं काम असतंय, पण घरी बसून." समोरचा म्हणतो, "म्हंजी बारक्या पोरांसाठी." आप्पा खुशीत मान हलवतात. कितीतरी वर्षं हे उत्तर खरं होतं. मी दात घासणारी मगर काढली, शाळेत जाताना रडणारा हत्ती काढला, साबणाच्या जाहिरातीतले जंतू काढले. मग एक पिक्चर आला आणि आप्पांचं उत्तर खोटं पडलं. ते त्यांना माहीत नव्हतं, मला होतं. माझ्या मागं भीती लागली ती तेव्हापासून.

पिक्चर मोठ्या माणसांसाठीचा होता. कारखान्यात काम करणारे दोन मित्र, दोघंही दिवसभर गांजा ओढतात, आणि नोकरी टिकवायला एक थाप मारतात, ती झाकायला दुसरी. मध्ये शिव्या, पादणं, ओकणं, चड्डी सुटणं. कोणत्या तरी अ‍ॅपवर येणार होता. दिग्दर्शक माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी लहान, बोलायला अगदी मऊ. पहिल्या ऑनलाइन मीटिंगमध्ये तो म्हणाला, "मॅडम, अशी घाणेरडी, नशेडी कॉमेडी कार्टूनमध्ये चालते का, हे आपल्याकडं कुणी नीट करून बघितलेलं नाही. चालली तर आपण पहिले. नाही चालली तर निदान कळेल." मला त्याचा प्रामाणिकपणा आवडला. मी हो म्हटलं.

वरच्या खोलीत मी काम करायची. आधी दार उघडं असायचं, आता लावून घ्यायला लागले. पात्रांचे संवाद आधीच रेकॉर्ड झालेले होते, ते दिवसभर कानात घालून त्यावर ओठ हलवायचे. जिन्यावर आईची पावलं वाजली की मी चोरासारखी दचकायची. एकदा हेडफोनची वायर निसटली आणि खोलीभर अशी काही शिवी घुमली, की सांगायची सोय नाही. दारात आई, हातात पोह्यांची ताटली.

"कोण भांडतंय गं?" तिनं विचारलं.

"खाली रस्त्यावर. रिक्षावाले असतील."

ती खिडकीपाशी गेली, खाली वाकून बघितलं. रस्ता रिकामा होता. ताटली ठेवून गेली.

पण ही भीती फार छोटी होती, हे मला नंतर कळलं.

काम अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. दारुड्या काढणं सोपं असतं. तो झोकांड्या खातो, बरळतो, पडतो. सगळं हालचालीत असतं आणि कार्टून हालचालीवरच जगतं. गांजा ओढलेला माणूस काहीच करत नाही. तो बसून राहतो. खऱ्या सिनेमात नट नुसता बसला तरी त्याचा श्वास चालू असतो, डोळ्यांत काहीतरी हलत असतं, आणि लोक हसतात. चित्रातला माणूस दोन सेकंद स्थिर ठेवला तर बघणाऱ्याला वाटतं, मशीन हँग झालं. मी त्या दोघांतल्या एकाचे, बारक्या बांध्याच्या मित्राचे, सीन करत होते. डोळे लाल केले, जीभ लोंबवली, डोक्याभोवती धूर फिरवला. तीनदा फाइल परत आली. "हा दारुडा दिसतोय मॅडम," दिग्दर्शक म्हणायचा. "नाहीतर आजारी. ह्याला बघून हसू येत नाही." मी गांजा ओढणारा माणूस जवळून बघितलेला नव्हता, निदान तशी माझी समजूत होती.

माझा भाऊ माझ्याहून चार वर्षांनी लहान. सणसवाडीला एका कंपनीत काँट्रॅक्टवर होता, पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबणाऱ्या मशीनवर. तिथंच एका बिहारी सोबत्याबरोबर भाड्याच्या खोलीत राहायचा आणि रविवारी शिरूरला घरी यायचा. त्या वर्षी तो वाळला होता. आई म्हणायची, शिफ्टनं माणूस पिळून निघतंय. मीही तेच म्हणायची.

अशाच एका रविवारी सकाळी तो माझ्यासमोर चहा पीत बसला होता. बिस्कीट बुडवलं, ते तुटून कपात पडलं. माणूस अशा वेळी 'अरे' म्हणतो, चमचा मागतो. हा नुसता कपात बघत राहिला, विहिरीत काही पडल्यावर बघावं तसा. मग हातात राहिलेल्या तुकड्याकडे बघितलं. परत कपात. आई काहीतरी सांगत होती, लग्नाबिग्नाचं, ती सांगून उठून गेली, आणि तेव्हा कुठं हा हसला. कशाला हसला, कुणाला कळलं नाही. जाताना गाडीची किल्ली शोधायला लागला. खिसे चाचपले, पलंगाखाली वाकला, आप्पांना उठवून त्यांची उशी हलवली. किल्ली त्याच्याच बोटात अडकवलेली होती. मी दाखवली तर बोट डोळ्यांसमोर धरून म्हणाला, "आयला, ही इथं कवा आली?"

आम्ही सगळे खूप हसलो. आप्पासुद्धा.

तो गेल्यावर मी वर गेले आणि एका बैठकीत ते सगळं काढलं. बिस्कीट, कप, उशिरा आलेलं हसू, किल्ली. थांबलेल्या जागी त्याला अगदी स्थिर न ठेवता पापणी अर्ध्यात आणून सोडली, आणि अंगठा कपाच्या कानावरून सावकाश घसरवला. भाऊ तसंच करत होता. मला वाटलं, दमलेल्या माणसाचं काहीतरी नेमकं हातात आलंय, तेच इथं चालून जाईल. फाइल पाठवली.

मंगळवारच्या मीटिंगमध्ये दिग्दर्शकानं ती सगळ्यांसमोर लावली. नऊ-दहा चौकोनांत नऊ-दहा चेहरे, आणि सगळे हसायला लागले. एक जण खुर्चीतून वाकला. एक मुलगी डोळे पुसत म्हणाली, "हा शंभर टक्के टाइट आहे. कॉलेजमध्ये आमच्या शेजारचा पोरगा सेम असाच बसायचा." दुसरा म्हणाला, "ते उशिरा हसणं! बास, ते उशिरा हसणं!" दिग्दर्शकानं क्लिप तीनदा लावली. मग विचारलं, "मॅडम, खरं सांगा, कुणाला बघून केलंत?"

"कुणाला नाही," मी म्हणाले.

"स्वतः तर ओढत नाही ना?" तो गमतीनं म्हणाला, आणि सगळे परत हसले.

मीही हसले. माझा कॅमेरा चालू होता, हसावंच लागलं. त्या सगळ्यांनी एका नजरेत ओळखलं होतं. मी त्याची सख्खी बहीण, मी त्याचं बोटन् बोट बघून काढलं, आणि मला कळलं नव्हतं.

घरात कुणाला सांगितलं नाही. काय सांगणार होते? मला खात्री नव्हती, आणि खात्री करून घ्यायची हिंमतही नव्हती. पुढच्या रविवारी तो आला तेव्हा मी त्याच्याकडे बघत राहिले. डोळे, बोटांची टोकं, पाणी किती वेळा पितो, जेवताना किती वाढून घेतो. सारखी मनात घाबरत होते, आणि त्याच वेळी, हे लिहिताना लाज वाटते, टिपूनही घेत होते. त्यानं पंख्याकडे मान वर करून बघितलं ते मी काढलं. शर्टाची बटणं एक घर चुकवून लावली ते काढलं. दिग्दर्शक खूश होता. बारका मित्र पिक्चरमध्ये सगळ्यांत खरा वाटतो, असं सगळे म्हणायला लागले होते.

त्यापुढच्या रविवारी जेवताना भावानं कंपनीतला एक किस्सा सांगितला. प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच वरचा साचा खाली येतो, म्हणजे हात आत राहत नाही. पण त्यानं काम हळू होतं. म्हणून लाइनवरची माणसं एका बटणात पुठ्ठ्याचा तुकडा खोचून ठेवतात आणि एकाच हातानं चालवतात.

"आन् दुसरा हात?" आप्पांनी विचारलं. आयुष्यभर मशीनशी खेळलेला माणूस, त्यांचा घास थांबला होता.

"दुसरा हात माल सरकवतो. काय होत न्हाई आप्पा. सवय हाय."

सोमवारी सकाळी पुढच्या सीनची पानं आली. बारका मित्र गांजाच्या तारेत प्रेसवर काम करतोय. हात आत राहतो. साचा खाली येतो. हात पापडासारखा चपटा होऊन बाहेर येतो. तो हाताकडे बघतो, बराच वेळ, मग हसतो, अंगठा तोंडात धरून फुंकतो आणि हात फुगून पुन्हा होता तसा. शेवटचं बोट फुगताना पादल्याचा आवाज.

वाचून मी लॅपटॉप मिटला. खाली जाऊन आईला सांगितलं, तळेगावला मैत्रिणीकडं जाते, आणि सणसवाडीची एसटी पकडली.

खोली मला माहीत होती, दोनदा गेले होते. एका ओळीत आठ दारं, समोर सामाईक नळ. दार त्याच्या सोबत्यानं उघडलं. दुसऱ्या शिफ्टला जायचा होता, अंगात बनियन, हातात कणकेची परात. मला बघून गोंधळला.

"दीदी, आप? वो तो नहीं है."

"ड्यूटीवर आहे?"

तो परात खाली ठेवून हात पुसायला लागला. उत्तर द्यायचं नसलं की माणूस हात फार वेळ पुसतो. मग म्हणाला, "ड्यूटी पे तो तीन दिन से नहीं जा रहा. कल घर गया था ना? आज सुबह आया, बैठा रहा, फिर नौ बजे गाड़ी लेके निकल गया."

"कुठं?"

"बोला, दौंड जा रहा हूँ. फ़ोन भी बंद है, मैंने लगाया था."

खोलीत एक वेगळा वास होता, उदबत्तीच्या खाली दाबलेला. मी विचारलं, "ओढून गेलाय का?" त्यानं नुसती मान खाली घातली आणि म्हणाला, "दीदी, मैंने बहुत समझाया. पहले छुट्टी के दिन पीता था. अब डर के मारे पीता है."

"कशाचा डर?"

"वो आप उसी से पूछिए."

दौंडला आमची आत्या राहते. तिचे यजमान रेल्वेत होते. मी रस्त्यावर येऊन तिला फोन लावला. ती म्हणाली, "इकडं कुठं आलाय? न्हाई बाई. का, काय झालं?" मी म्हणाले, काही नाही, आला तर लगेच फोन कर. त्याचा फोन लावला. बंद. परत लावला. सकाळी नऊला निघालेला माणूस, आता साडेबारा. दौंड काही तीन-साडेतीन तासांवर नाही.

शिक्रापूरपर्यंत रिक्षा मिळाली, तिथून न्हावऱ्याकडं जाणारी जीप. मी पुढं ड्रायव्हरच्या शेजारी बसले, म्हणजे दोन्ही बाजूंचा रस्ता दिसेल. तळेगाव ढमढेरे मागं पडलं. दोन्हीकडं ऊस, मध्ये अरुंद रस्ता आणि समोरून कारखान्याच्या ट्रॉल्या. मला प्रत्येक काळी मोटरसायकल त्याची वाटत होती. रस्त्याकडेला कुणी नुसतं लघवीला थांबलेलं असलं तरी मी मान बाहेर काढून बघायची. मनात तो सारखा प्रेसपाशी उभा दिसत होता. तो तीन दिवस प्रेसवर गेलेलाच नाही, हे नुकतंच ऐकूनसुद्धा.

न्हावऱ्याच्या अलीकडं गर्दी होती. उसाची ट्रॉली आडवी, मोळ्या रस्त्याभर, आणि मोळ्यांच्या कडेला काळी मोटरसायकल, पुढचं चाक वाकलेलं. ड्रायव्हरनं जीप हळू केली.

"थांबवा," मी म्हणाले.

"ताई, आपल्याला उशीर हुतोय—"

"थांबवा म्हणते ना!"

मी उतरले. माणसांच्या पाठीमधून मला एक निळी चप्पल दिसली आणि पँटचा पाय दिसला. कुणाला तरी ढकलून मी पुढं झाले. एक पन्नाशीचा माणूस मातीत बसला होता, कपाळातून रक्त येत होतं आणि तो बाटलीनं पाणी पीत होता. माझ्याकडं बघून म्हणाला, "काय न्हाई झालं, काय न्हाई झालं." त्याला वाटलं असावं, मी त्याच्या ओळखीची आहे. मला इतका आनंद झाला, की तिथंच रडू आलं. दुसऱ्याच्या कपाळाचं रक्त बघून झालेला तो आनंद मला अजून नीट पचलेला नाही.

जीपमध्ये बसतेय तोच आत्याचा फोन आला. "आलाय गं. आत्ता आला, आन् ओट्यावर बसलाय. बोलत न्हाई काय. हातपाय धड हायेत, तू घाबरू नको."

चौफुल्यावरून दौंडला पोचायला मला आणखी दीड तास लागला. तो खरंच ओट्यावर बसला होता, भिंतीला टेकून. आत्या शेजारी मटार सोलत होती. तिनं त्याला काही विचारलं नव्हतं, फक्त चारदा जेव म्हटलं होतं आणि तो चारदा जेवला होता. मला बघून तिनं ताट उचललं. "बोला दोघं," म्हणाली आणि आत गेली.

मी वाटेत खूप ओरडायचं ठरवलं होतं. पण मी त्याच्या शेजारी बसले आणि त्याचा उजवा हात हातात घेऊन बोटं मोजली. त्यानं मोजू दिली. मधल्या बोटाचं नख काळंनिळं होतं.

"हे कधी?"

"बुधवारी." मग म्हणाला, "ताई, साचा खाली आला तवा हात आत व्हता का बाहेर, मला आठवत न्हाई. आवाज आला. बघितलं तर हात बाहेर. मी काढला का आपोआप निघाला, ठाव न्हाई. सुपरवायझर हसला, म्हणला नशीब. मीबी हसलो. मग संडासात जाऊन ओकलो."

"ओढून गेला होतास?"

"व्हय."

"आणि काल घरी जेवताना म्हणालास, काय होत न्हाई?"

"आप्पांपुढं काय म्हणू?"

तो तीन दिवस कंपनीच्या गेटपर्यंत जाऊन परत येत होता. प्रेसचा आवाज रस्त्यापर्यंत येतो, तो आला की तिथूनच वळायचा. भीती वाटली की ओढायचा, ओढलं की तो न आठवणारा क्षण पुन्हा पुन्हा दिसायचा, मग आणखी भीती. सकाळी दौंडला निघाला आणि वाटेत भीमेच्या पुलावर थांबला. किती वेळ थांबला, ते त्यालाही सांगता येईना. पुलावर का थांबलास, हे मी विचारलं नाही. आजही विचारलेलं नाही.

मग अचानक त्यानं विचारलं, "तुझ्या पिक्चरमधला त्यो चहा पिणारा, त्यो मीच हाय ना?"

मी त्याचा हात सोडला.

"मागल्या रविवारी तू आंघोळीला गेल्यावर कंप्युटर उघडा व्हता. किल्लीचं बी बघितलं. लई हसलो मी. मग वाटलं, हिला समजलंय. आता ही आईला सांगणार. तू कायच बोलली न्हाईस. मग अजून भ्या वाटलं."

"मला समजलं नव्हतं," मी म्हणाले. "काढताना नव्हतं समजलं. शप्पथ."

"चांगलं काढलंय पण," तो म्हणाला. मग माझ्याकडं न बघता, "फक्त त्याचा हात मशीनमधी नको घालू. ती पानं बी बघितली मी आज सकाळी. तुझा मेल माझ्या मोबाइलवर उघडतोय, मागं फॉर्म भरला व्हता तवापासून. ती वाचली आन् निघालो."

दुसऱ्या दिवशी दौंडहूनच मी दिग्दर्शकाला फोन केला. म्हटलं, प्रेसचा सीन काढून टाका. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. "मॅडम, तो तर पिक्चरचा हायलाइट आहे. आणि कार्टूनमध्ये हात परत येतो, म्हणून तर लोक हसतात. नटाला घेऊन हा सीन कुणी करूच शकणार नाही. कार्टून करायचं कारणच ते आहे." त्याचं बोलणं चूक नव्हतं. मी एवढंच म्हणाले, माझ्याच्यानं होणार नाही. त्यानं कारण विचारलं नाही, सीन दुसऱ्याला दिला. बारक्या मित्राचे बाकीचे सीन मी पूर्ण केले. सोडून द्यायला हवं होतं का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं. पण भावानंच सांगितलं होतं, "अर्ध्यात सोडू नको, दुसरा कोन तरी माझं वाट्टेल ते करील."

पिक्चर तयार झाल्यावर पुण्यात एका छोट्या हॉलमध्ये दुपारी तो चाळीस-पन्नास लोकांना दाखवला. मी शेवटच्या रांगेत बसले. पहिली दहा मिनिटं शिव्यांना हशा मिळाला. मग कमी होत गेला. पादणं, ओकणं, नागडं धावणं, सगळं पडद्यावर येत होतं आणि लोक मोबाइल बघायला लागले होते. मला वाटतं, चित्रातल्या माणसाला लाज नसते. त्याची चड्डी खऱ्यानं सुटलेलीच नसते. मग अश्लील ते काय राहतं? पण बिस्कीट कपात पडलं तेव्हा हॉल शांत झाला आणि मग हशा आला, पोटातून. किल्लीला तसाच. प्रेसच्या सीनला तर टाळ्या पडल्या. मी कानांवर हात ठेवले होते, तरी टाळ्या ऐकू आल्या. शेजारची बाई रडेपर्यंत हसत होती. तिचा मला राग आला नाही. सहा महिन्यांपूर्वी मीही हसले असते.

बाहेर दिग्दर्शकानं विचारलं, "काय वाटतं, चालतं का?"

"अर्धं चालतं," मी म्हणाले.

"कुठलं अर्धं?"

"जिथं माणूस आहे तिथं."

त्यानं ते वहीत लिहून घेतलं. प्रेसचा सीन त्यात कुठं बसतो, हे मलाच सांगता आलं नसतं.

भाऊ दौंडला आत्याकडंच राहिला. तिथल्या एका डॉक्टरांकडं आठवड्याला जायचा. आई-आप्पांना आम्ही सांगितलं, नख चेमटलं म्हणून नोकरी सोडली. दिवाळीत एकदा तो परत घसरला, दोन दिवस सापडला नाही, आणि आत्याच्या यजमानांनी त्याला स्टेशनबाहेरून घरी आणलं. त्यानंतर आजवर नाही, असं तो म्हणतो. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात काम करतो, खुर्चीत बसून, तारा गुंडाळत. तिथं वरून खाली येणारं काही नाही.

पिक्चर अ‍ॅपवर आला तेव्हा मी कुणाला सांगितलं नव्हतं. पण तळेगावला मामांच्या घरी बारसं होतं. आई-आप्पा गेले होते, मी काम आहे म्हणून घरी थांबले. तिथं कुणीतरी माझं नाव शोधून टीव्हीवर लावलं, "आपल्या ताईचं कार्टून आलंय" म्हणून. वीस-पंचवीस पोरं पुढं बसवली. विसाव्या मिनिटाला मामींचा फोन आला. "अगं बाई, काय हे? बंद केला टीव्ही! पोरं इचारायला लागली, ते काय करत्यात म्हणून!" मी फोन हातात धरून जिन्याच्या पायरीवर बसले. संध्याकाळपर्यंत तिथंच. आप्पा आले की काय म्हणतील, ह्याची मी चाळीस तरी वाक्यं मनात ऐकली.

ते आले, चप्पल काढली, पाणी प्यायले. आई थेट आत गेली. आप्पा माझ्याजवळ पायरीवर बसले, वय झाल्यापासून ते कधी पायरीवर बसत नाहीत.

"त्यो चहा पिणारा," ते म्हणाले. "त्याला बरं वाटतंय का आता?"

"हो आप्पा."

"डॉक्टर हाय का कोन?"

"आहे."

"मग आईला नको सांगू. मी सांगतो, माझ्या परीनं." गुडघ्यावर हात टेकून ते उठले. पिक्चरबद्दल ते अवाक्षर बोलले नाहीत. लोकांना अजूनही सांगतात, कार्टून काढती. फक्त 'पोरांसाठी' म्हटलं की आता मान हलवत नाहीत.

मी पुन्हा जंतूंकडं आणि सशांकडं वळले आहे. पुढच्या भागाचं काम आलं होतं, मी नाही म्हटलं. भाऊ महिन्यातून दोनदा येतो, जरा भरलाय. तो समोर बसला की मी मुद्दाम दुसरीकडं बघते, आणि तरी त्याच्या हसण्याला किती वेळ लागला ते मनात मोजलं जातं. हे जाईल असं वाटत नाही. परवा दुपारी कामात असताना त्याचा फोन आला. भलत्या वेळी त्याचं नाव दिसलं आणि मी काम तसंच सोडून उठले. उचलला तर म्हणाला, "ताई, आईला इचार, शेंगदाण्याची चटणी कुणाबरोबर पाठवतीय का. आत्याची तिखट असती."

"विचारते," मी म्हणाले, आणि विचारायला खाली गेले.